मालकांचा पियानो आणि पहिली लेव्हल

आमच्या घरमालकांना कुलूप उघडायचं असलं की ते आधी किल्लीवर फुंकर मारायचे. किल्लीवरच असं नाही. चार्जरच्या पिनवर, गॅसच्या लायटरवर, एटीएम कार्डावर, आणि एकदा तर मतदानाच्या रांगेत ओळखपत्रावर. तिथल्या पोलिसाने त्यांच्याकडे जरा संशयानेच पाहिलं. पोरगेलासा होता तो, त्याला काय कळणार? ज्यांचं लहानपण टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमसमोर गेलं त्यांनाच ते कळेल. कॅसेट चालेनाशी झाली की बाहेर काढायची, तिच्या तोंडात जोरात फुंकायचं आणि पुन्हा आत घुसवायची. बाकीच्यांची ही सवय मोठेपणी सुटली. मालकांची सुटली नाही, आणि सुटावी असं त्यांना वाटतही नव्हतं.

आम्ही त्यांना मालकच म्हणायचो. अंबरनाथ पूर्वेला एका साध्या बिल्डिंगमध्ये त्यांचे दोन फ्लॅट होते. पहिल्या मजल्यावर ते आणि त्यांची आई, तळमजल्यावर भाड्याने आम्ही दोघं नवरा-बायको. मालक चाळिशीला टेकलेले, बिनलग्नाचे, जांभूळ गावातल्या पाण्याच्या प्लांटवर पंप ऑपरेटर. सकाळी नळाला पाणी कमी आलं की बिल्डिंगमधल्या बायका थेट त्यांच्या दारात उभ्या राहायच्या, जणू हा माणूस रात्री सगळं पाणी डब्यात भरून घरी घेऊन आलाय. मालक शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "येईल, लोड होतंय." बायकांना वाटायचं पंपाबद्दल काहीतरी टेक्निकल सांगतायत.

पियानो आला त्या दिवसापासून मी मालकांवर जरा खार खाऊन होते, ते आधी सांगून टाकते. अंबरनाथमधली एक जुनी कंपनी बंद पडली आणि तिच्या साहेबलोकांच्या क्लबातलं सामान विकायला निघालं. शहाण्या लोकांनी पंखे, खुर्च्या, कपाटं उचलली. मालक पियानो घेऊन आले. तो जिन्याच्या पहिल्या वळणावरच अडकला, ना वर जाईना ना खाली येईना, आणि बिल्डिंगमधली माणसं अर्धा दिवस त्याच्या खालून वाकून ये-जा करत राहिली. शेवटी मालक आमच्या दारात येऊन अतिशय नम्रपणे म्हणाले, "वहिनी, तुम्ही वर राहायला जाता का?" म्हणजे पियानोला वर चढता येत नव्हतं म्हणून भाडेकरूंना चढवलं. माझे मिस्टर मोठ्या मनाचे. ते हो म्हणून मोकळे झाले, आणि डबेचुबे उचलून जिने चढत बसले मी.

मालकांच्या आईंना मी मावशी म्हणायचे. त्यांनी पियानोकडे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा झाकण उघडून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "एवढं मोठं आणलंस तर कप्पे तरी असलेलं आणायचं." मग त्यांनी त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या. मालकांनी खालच्या पट्ट्या जरा जोरात वाजवल्या की बरण्या हलायच्या, आणि मावशी आतून ओरडायच्या, "लिंबाची सांभाळ."

आता ते वाजवायचे काय, हे सांगायला हवं. पियानो म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काळा कोट आणि मेणबत्त्या आल्या होत्या. मालक बनियनवर बसायचे आणि वाजवायचे व्हिडिओ गेमचं संगीत. लहानपणी टीव्हीतून टिंटिंग टुंटुंग यायचं, तेच. मला वाटलं, थट्टा करतायत. पण एका रविवारी धुणं वाळत घालताना मी खालून येणारं ते ऐकत उभी राहिले आणि हातातला टॉवेल तसाच राहिला. त्या गेमच्या मशीनला म्हणे मोजकेच आवाज असायचे, एक चाल धरायला, एक तिच्या जोडीला, एक खालचा, आणि एक नुसती खरखर, बाण-बंदुकांसाठी. मालक ते सगळे एकट्याच्या दोन हातांवर वाटून द्यायचे. चाल उजव्या हाताच्या करंगळीकडे, जोडीचा आवाज त्याच हाताच्या अंगठ्याकडे, आणि डावा हात खालचा आवाज धरून टुणटुण उड्या मारायचा. खरखरीसाठी ते पायाने पियानोच्या लाकडाला हलकेच ठोकर मारायचे. मोटारसायकलच्या शर्यतीची ट्यून, रणगाड्यांची, विमानाची. आणि सगळ्यात लाडकी म्हणजे डोंगरातल्या बुटक्याची. पाठीवर गाठोडं घेतलेला एक बुटका माणूस डोंगरातून उड्या मारत कुठेतरी जात असायचा, त्या गेमची. मालक ती संथ वाजवायचे. तो बुटका थकलाय, पण घरी कुणीतरी वाट बघतंय म्हणून चाललाय, असं काहीतरी मला वाटायचं. माझ्या मनातला राग त्या रविवारी बराचसा उतरला.

पण एक गोष्ट माझ्या लवकरच लक्षात आली. ते प्रत्येक गेमची फक्त सुरुवात वाजवायचे. मी विचारलं, "पुढचं येत नाही का?"

"वहिनी, मी पुढं पोचलोच नाही."

"कुठं?"

"पुढच्या लेव्हलला."

मालक खेळण्यात अतिशय वाईट होते. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, नाराजीने वगैरे नाही, दुसऱ्या कुणाची उंची सांगावी तसं. वडील उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. कारखान्याच्या खाली एका सिंधी अंकलचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. शाळा सुटली की हे तिथे. डोंगरातल्या बुटक्याच्या वाटेवर एक तुटका पूल लागायचा आणि मालकांचा बुटका दर वेळी त्या पुलावरून खाली पडायचा. दुसरा कुणी पूल ओलांडायला लागला की हे कानात बोटं घालून दुकानाबाहेर जाऊन उभे राहायचे. पुलाच्या पलीकडची ट्यून आपण ओलांडल्याशिवाय ऐकायची नाही, असा त्यांनी तेव्हाच पण केला होता. आता मोबाइलवर सगळं मिळतं, एक बोट लावलं की पलीकडचं ऐकता येईल. नाही ऐकलं. जुनं मशीन, जुना टीव्ही सगळं जपून ठेवलेलं, सुट्टीच्या दिवशी बसायचे, पडायचे, आणि पुन्हा पियानोशी. "न पोचलेल्या लेव्हलचं वाजवणं म्हणजे न बोलावता जेवायला जाणं," असं ते म्हणायचे. मी म्हटलं, "बोलवायला कोण येणारे तुम्हाला?" यावर ते हसले नाहीत.

या संगीताची अजून एक अडचण होती. त्याला शेवट नाही. गेममध्ये ट्यून गोल गोल फिरत राहते, खेळणारा मरेपर्यंत किंवा पोचेपर्यंत. मालक पोचत तर नसत. मग घरी वाजवताना मावशी जेवायला हाक मारायच्या तेव्हा थांबायचं. पण एकदा विहाराच्या वर्धापनदिनाला कार्यकर्त्यांनी त्यांना कीबोर्ड वाजवायला बोलावलं. वंदना झाली, भाषणं झाली, मालकांनी कीबोर्डवर फुंकर मारली आणि सुरू केलं. पहिला फेरा लोकांना आवडला. दुसऱ्याला पोरं नाचायला लागली. मग मोठी माणसं घड्याळं बघायला लागली. खीर निवायला लागली. सूत्रसंचालक दोनदा माइकपाशी येऊन घसा खाकरून गेला. मालक घामाघूम होऊन वाजवतच होते, कारण त्यांना थांबण्यासाठी हाक मारायला हवी होती, आणि मावशी बायकांमध्ये बसून अभिमानाने रडत होत्या. शेवटी लाइट गेली म्हणून कार्यक्रम संपला.

मावशींची सगळी आशा मालकांच्या लग्नावर होती. "नोकरी पाण्याची, घर स्वतःचं, व्यसन नाही," एवढं त्या सांगायच्या आणि मग पियानोकडे बघून गप्प व्हायच्या. मालकांनाही लग्न करायचं होतं. हे मी खात्रीने सांगते, कारण स्थळ येणार असलं की ते स्वतः पडदे धुवायचे. रविवारच्या संध्याकाळी त्या घरात आई आत आणि मुलगा बाहेर, मध्ये नुसती ती ट्यून, असं असायचं. एकदा मी पीठ मागायला गेले तेव्हा ते म्हणाले, "वाजवून झालं की, वहिनी, कोणीतरी हं म्हणायला पाहिजे. नुसतं हं." मी पीठ न घेताच वर आले.

पण स्थळांचं काय व्हायचं, तर मुलीकडच्यांनी "छंद काय?" असं विचारायचा अवकाश, मालक झाकण उघडायचे. कल्याणच्या एका मुलीने विचारलं, "कुठल्या पिक्चरचं आहे?" तिला मालकांनी रणगाडा, बुटका, पूल, पण, सगळं पहिल्यापासून सांगितलं. पोहे गार झाले. दुसरं स्थळ डोंबिवलीचं, तेव्हा मी मदतीला खाली होते. ती स्वतः कीबोर्ड शिकलेली. मावशींना वाटलं, आता देव पावला. मालकांनी बुटक्याची ट्यून वाजवली. तिनं मन लावून ऐकली आणि म्हणाली, "छान आहे, पण मध्ये चुकताय तुम्ही. एका ठिकाणी ताल तुटतोय."

मला माहीत होतं ती कुठलं म्हणतेय. त्या ट्यूनमध्ये चढाची एक जागा होती. तिथे सूर वर जाता जाता अडकायचा, ठेच लागल्यासारखा, आणि मग एकदम पुढे उडी मारायचा. मालक म्हणाले, "ती तशीच आहे." तिनं मोबाइल काढला, मूळ ट्यून शोधली आणि लावली. चढ आला. सूर वर गेला. कुठेही अडकला नाही. गुळगुळीत निघून गेला.

मालकांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तो मला नको होता बघायला. पुन्हा लाव म्हणाले. तिनं पुन्हा लावली. मग ते उठून आत गेले आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेरच आले नाहीत. स्थळ अर्थातच गेलं. पुढे काही दिवस पियानोचं झाकण बंद होतं, आणि मी वर बसून त्याची वाट बघतेय हे माझ्या लक्षात आल्यावर मला माझाच राग आला.

मग एका दुपारी मालक म्हणाले, "वहिनी, कॅम्पात येता का? एकटं जायला कसंतरी वाटतंय." शेअर रिक्षातून कॅम्प तीनला गेलो. सिंधी अंकलचं दुकान तिथेच होतं, आता मोबाइल कव्हरचं. अंकल म्हातारे झाले होते, पण मालकांना ओळखलं. "अरे, तू वो पुलवाला?"

मालकांनी काउंटरवर बोटांनी ट्यून वाजवून दाखवली आणि अडकण्याचं विचारलं. अंकल इतके हसले की त्यांना खोकला आला. म्हणाले, "साईं, पीछे की गली में एक आदमी कॅसेट बनाता था. उसकी पहली कॉपी ही लंगडी थी. फिर उसी की कॉपी, कॉपी की कॉपी. अंबरनाथ, बदलापूर, सब जगह अपना ही माल जाता था."

"मग कुणी तक्रार केली नाही?" मी विचारलं.

"किसको मालूम था? सबके घर में एक ही जगह अटकता था. तो वही सही था."

अंबरनाथला उतरल्यावर मालक म्हणाले, "मूळ त्यांचं असेल. पण माझं लहानपण इथं अडकायचं." त्या संध्याकाळी बरण्या पुन्हा हलल्या. मी वरून ऐकलं. चढावर ठेच लागली आणि मला हायसं वाटलं.

मावशींना मात्र हे सगळं ऐकवेना. त्यांच्या दृष्टीने मुलगा एक तर चुकीचं वाजवतो, आणि चुकीचं आहे हे कळूनही वाजवतो. तेवढ्यात मामांनी, म्हणजे मावशींच्या भावाने, बदलापूरचं एक स्थळ आणलं. बाई मालकांहून थोड्या लहान, एका दवाखान्यात रिसेप्शनवर, पहिलं लग्न मोडलेलं. घर बघायला येतो म्हणाले. मामांनी मालकांना बजावलं, "हे शेवटचं. यापुढे मी कुणाच्या दारात जाणार नाही." आणि मावशींनी मालकांचा हात आपल्या डोक्यावर ठेवून वचन घेतलं की पाहुण्यांसमोर पियानोला बोट लावायचं नाही. मालकांनी दिलं. मावशींनी पियानोवर चादर घातली आणि वर पोह्यांचं पातेलं, ताटल्या, पाण्याचे ग्लास असं सगळं मांडलं. आता तो खरोखरच साइडबोर्ड दिसत होता.

त्या आल्या, सोबत त्यांचे मोठे भाऊ. मी चहा द्यायला होते. भाऊ बडबडे होते. त्यांनी पार्किंग विचारलं, पाण्याचं प्रेशर विचारलं, खरवईला फ्लॅट किती स्वस्त पडतो ते सांगितलं. बाई खाली मान घालून पोहे खात होत्या. मालक कडक इस्त्रीच्या शर्टात बसले होते, हात मांडीखाली दाबून. छंद काय, हा प्रश्न आला. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मालक म्हणाले, "विशेष काही नाही."

हे खोटं बोलणं त्यांना फार जड गेलं असावं, कारण थोड्याच वेळात ते नाकातल्या नाकात गुणगुणायला लागले. आपण गुणगुणतोय हे त्यांना माहीतही नव्हतं. बुटका निघाला. भाऊ मेंटेनन्सबद्दल बोलत होते. सूर चढाला लागला, अडकला. आणि मी पाहिलं, बाईंचा चमचा वर येता येता थांबला. सूर पुढे उडाला, चमचा तोंडात गेला.

त्यांनी मान वर केली. "तुमचीपण इथंच अडकायची?"

खोलीत कुणालाच काही कळलं नाही, मालक आणि मी सोडून. "तुमच्याकडे होती?" ते म्हणाले.

"बदलापूरला, घरी. दादा कॅम्पातून आणायचा कॅसेट. मला वाटायचं, आमचा टीव्हीच खराब आहे."

मालक नुसतेच चादरीकडे बघत राहिले. मग मावशी उठल्या. त्यांनी ग्लास उचलले, ताटल्या उचलल्या, पोह्यांचं पातेलं माझ्या हातात दिलं आणि स्वतःच्या हाताने चादर ओढून काढली. मामा म्हणाले, "अक्का, काय करतेस?" मावशी म्हणाल्या, "तू गप."

मालकांनी वाजवली. इतकी सुंदर मी ती त्याआधी ऐकली नव्हती. बाई मान किंचित तिरकी करून ऐकत होत्या आणि चढावर त्यांची मान बरोबर त्या ठिकाणी अडकत होती. एक फेरा संपत आला तेव्हा त्या म्हणाल्या, "हं. आता पूल."

मालकांनी हात उचलले. "माझं इथवरच आहे." आणि त्यांनी ते पणाचं सगळं एका दमात सांगून टाकलं. मावशींनी पदर तोंडावर घेतला.

भाऊ मोठ्याने हसले. "अहो, हिला काय विचारता? पूल आम्ही ओलांडायचो. ही नुसती मागे बसायची."

"मी ओलांडलाय," बाई म्हणाल्या. "शेवटपर्यंत गेलेय. तुम्ही दोघं भाऊ ट्यूशनला गेलात की."

"कधी बोलली नाहीस ते?"

"बोलले होते. खोटं बोलते म्हणालास."

भाऊ पार्किंगकडे बघायला खिडकीशी गेले. बाई मालकांकडे वळल्या. "पलीकडची ट्यून आठवतेय मला. गुणगुणून दाखवू?"

मालकांनी तळहात वर केला. "नको."

मामांनी कपाळावर हात मारला. मावशी माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मला तर हातातलं पातेलं त्या माणसाच्या डोक्यात घालावंसं वाटलं. अख्ख्या जगात जी एक बाई ती ट्यून आपल्यासारखी अडकून ऐकते, ती समोर बसलीय, आणि याला आपला जुना पण सुचतोय.

"ऐकायची नाहीये," मालक म्हणाले. "ओलांडायचाय. तुम्ही शिकवाल का मला?"

बाई ताटलीतला शेवटचा डाळिंबाचा दाणा चमच्याने इकडून तिकडे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "शिकवीन. पण एक मेला की दुसऱ्याचा नंबर, असं खेळायचं. मला कधी कुणी नंबर दिला नाही. घरी नाही, आणि लग्न झालं तिथेही नाही."

मालक स्टुलावर चढले आणि कपाटावरून मशीन काढून टीव्हीपाशी ठेवलं. मग एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत गेमचा दुसरा रिमोट होता. त्याची वायर दुकानातून आली तशीच रबरबँडमध्ये गुंडाळलेली होती.

"हा कधी लावायची वेळच आली नाही," ते म्हणाले. त्यांनी तो रिमोट खाली ठेवला, आपला नेहमीचा, पहिल्या नंबरचा झिजलेला रिमोट उचलला आणि दोन्ही हातांनी बाईंच्या पुढे धरला. "पहिला नंबर तुमचा."